खाकीची उतरंड आणि दलित आत्मकथन

दलित आत्मकथनांवर मराठीत आता पुष्कळ लिहून झाले आहे. बोलीची चर्चा झाली, अनुभवाच्या अस्सलपणाची झाली, 'मी' चा 'आम्ही' कसा होतो याचीही झाली. परंतु या आत्मकथनांतून जो माणूस पुन:पुन्हा येतो, ज्याच्या नुसत्या येण्याने वस्तीतल्या चुली विझतात, त्या पोलिसाकडे आपल्या समीक्षेने नीट पाहिलेले नाही. समीक्षक त्याला 'शोषणाचे प्रतीक' म्हणतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. प्रतीक म्हटले की हिशेब मिटला! पण ज्याच्या पाठीवर काठी बसली त्याला ती प्रतीकाची काठी वाटत नाही. ती कोणाच्या हातात होती, त्या हाताला हुकूम कोणी दिला, हुकूम देणाऱ्याच्या वर कोण बसला होता आणि कोणाचे पाय धरले असते तर दुसरी काठी चुकली असती, हे सारे त्याला माहीत असते. माझे म्हणणे असे आहे की, पोलीस खात्याची उतरंड दलित लेखकाला लोकप्रशासनाच्या पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक अचूक ठाऊक आहे. हे ज्ञान त्याच्या साहित्याच्या मूल्याचाच भाग म्हणून वाचले पाहिजे.

हा प्रश्न मला निव्वळ साहित्यिक वाटत नाही. मी हिंगोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या वर्गातली कितीतरी मुले पहाटे मैदानावर सोळाशे मीटर धावतात, गोळा फेकतात आणि धापा टाकीत पहिल्या तासाला येऊन बसतात. मुली आठशे मीटर धावतात. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा बारावा गट आहे, त्यामुळे खाकी इथे रोज डोळ्यांसमोर असते. सोयाबीन आणि हळद पिकवणाऱ्या या मुलखात कारखाने थोडेच आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि भूमिहीनाच्या पोराला पगाराची जी नोकरी नजरेच्या टप्प्यात दिसते ती पोलीस शिपायाची. याच मुलांना मी आत्मकथने शिकवतो. पुस्तकात पोलीस वस्तीत शिरतो तेव्हा वर्गात जी शांतता पसरते, तिच्यात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे आजोबांचे स्मरण आणि दुसरी म्हणजे उद्याची आशा. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हे समीक्षेने सांगायला हवे.

१

पाठ्यपुस्तकातली उतरंड आधी मांडू. पोलीस हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्यांचा विषय आहे. म्हणून देशाला एक पोलीस दल नाही, प्रत्येक राज्याचे वेगळे दल आहे. मात्र वरच्या जागांवर भारतीय पोलीस सेवेतले, म्हणजे केंद्रीय परीक्षेतून आलेले अधिकारी बसतात. महाराष्ट्रात तळाशी पोलीस शिपाई असतो. त्याच्या वर हवालदार, मग सहायक उपनिरीक्षक, मग उपनिरीक्षक, ज्याला लोक अजून फौजदार म्हणतात. पुढे सहायक निरीक्षक, निरीक्षक, उपअधीक्षक, अपर अधीक्षक आणि जिल्ह्याचा अधीक्षक. अधीक्षकाच्या वर परिक्षेत्राचा उपमहानिरीक्षक किंवा विशेष महानिरीक्षक. आमच्या जिल्ह्यापुरते ते ठिकाण नांदेड. त्याच्याही वर मुंबईत अपर महासंचालक आणि महासंचालक. शिपाई आणि हवालदार यांच्यामध्ये पूर्वी नाईक हा एक टप्पा होता. शिपायाला निवृत्तीपूर्वी फौजदारापर्यंत पोचता यावे, असे कारण देऊन तो २०२२ साली काढून टाकण्यात आला.

ही शिडी वाचताना वाटते की खालच्या पायरीवर पाय ठेवला की चढत चढत वर जाता येईल. तसे नाही. या शिडीला मध्ये मजले आहेत आणि प्रत्येक मजल्याला रस्त्यावरून उघडणारे वेगळे दार आहे. शिपायाचे दार वेगळे, लोकसेवा आयोगातून येणाऱ्या उपनिरीक्षकाचे वेगळे, उपअधीक्षकाचे वेगळे आणि भारतीय पोलीस सेवेचे तर दिल्लीत. खालच्या मजल्यावरचा माणूस उभ्या आयुष्यात एखादा मजला चढतो. दोन चढला तर वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो.

ही रचना आकाशातून पडलेली नाही. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले. १८६० साली पोलीस आयोग नेमला गेला आणि १८६१ चा पोलीस कायदा झाला. त्याच्यापुढे नमुना होता आयर्लंडमधल्या पोलिसांचा, म्हणजे जिंकलेल्या देशाला दाबात ठेवण्यासाठी उभारलेल्या दलाचा. लंडन शहरातला निःशस्त्र शिपाई हा नमुना घेतला गेला नाही, ही गोष्ट विसरता येत नाही. पुढे सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १९०२-०३ चा आयोग आला. त्याने पोलीस नोकरीचे चार भाग पाडले. पहिला युरोपियनांचा, ज्याची परीक्षा विलायतेत. दुसरा प्रांतिक सेवेचा. तिसरा निरीक्षक-उपनिरीक्षकांचा, म्हणजे वरच्या दर्जाच्या दुय्यमांचा. आणि चौथा हवालदार-शिपायांचा, म्हणजे खालच्या दर्जाच्या दुय्यमांचा.

चार भाग, चार दारे! हे वाचताना मला चातुर्वर्ण्याची आठवण होते. परंतु ही तुलना जपून करायला हवी. पोलिसातला दर्जा जन्माने मिळत नाही, परीक्षेने मिळतो. गणवेश घरी खुंटीला टांगता येतो, जात टांगता येत नाही. तेव्हा दोन्ही एकच आहेत, असे म्हणणे आळसाचे होईल. साम्य आहे ते दुसऱ्या ठिकाणी. 'मूकनायका'च्या पहिल्या अंकात, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांनी हिंदू समाजाला बिनजिन्याच्या बहुमजली मनोऱ्याची उपमा दिली होती. पुढे त्यांनी या रचनेचे मर्म सांगितले ते असे की, ही विषमता सपाट नाही, ती पायऱ्यापायऱ्यांची आहे. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असल्यामुळे कोणीच सगळ्या रचनेविरुद्ध उठत नाही. पोलीस खात्यातला शिपाई वरून मिळालेला अपमान साठवतो आणि तो खाली देतो. खाली कोण? इथूनच खरा प्रश्न सुरू होतो.

२

फ्रेझर आयोगाच्या चार भागांच्या खाली एक पाचवा होता. तो पटावर नव्हता. मुंबई इलाख्यात १८६७ साली लागोपाठ दोन कायदे झाले. सातव्या क्रमांकाचा कायदा पगारी जिल्हा पोलिसांचा आणि आठव्या क्रमांकाचा कायदा गाव पोलिसांचा. एकाच वर्षी, एकाच सरकारने, पोलिसांच्या दोन जाती निर्माण केल्या, किंवा आधीपासून असलेल्या दोन जातींना कायद्याचे कुंपण घातले. गाव पोलिसांचा प्रमुख पाटील. त्याच्या हाताखाली महार, रामोशी आणि इतर गावकामगार. चोराचा माग काढणे, रात्रीची गस्त, सरकारी खजिना पोचवणे, कैद्याला तालुक्याला नेणे, सांगावा घेऊन धावणे, बेवारस प्रेतावर पहारा देणे, ही सगळी पोलिसी कामे होती. ती करणाऱ्याला गणवेश नव्हता, पगार नव्हता, सुट्टी नव्हती, बढती नव्हती. होते ते वतनाचे चार वाफे आणि दारोदार मागून आणायची भाकर.

आणि याच माणसाला पगारी पोलिसात शिरायला बंदी होती. पोलीस भरतीत आणि लष्कर भरतीत अस्पृश्यांना घ्यावे, अशी मागणी १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांना करावी लागली. त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबद्दलचे विधेयक मांडले. या दोन गोष्टी इतिहासात आपण वेगवेगळ्या प्रकरणांत वाचतो. त्या एकत्र वाचायला हव्यात. एका हाताने ते फुकटची पोलिसगिरी सोडवीत होते आणि दुसऱ्या हाताने पगाराची पोलिसगिरी मागत होते. महाराला शिपाई का करीत नव्हते? शिपायाला सवर्णाच्या घरात शिरावे लागते, त्याचा दंड धरावा लागतो, त्याला शिवावे लागते. सरकारचा अधिकार अंगावर घेऊन महाराने पाटलाच्या मनगटाला हात घालणे, ही कल्पनाच कोणाला सोसत नव्हती. मात्र विहिरीतल्या कुजलेल्या प्रेताला महाराने शिवणे सर्वांना सोसत होते. खात्याच्या दारावर अस्पृश्यता अशी उभी होती.

३

आता शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ' कडे येऊ. हे आत्मकथन १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्यातला विहिरीचा प्रसंग वाचकांच्या स्मरणात असेल. वडील तराळकीवर आहेत. विहिरीत प्रेत सापडले आहे. त्यावर पहारा वडिलांचा, पोलीस येईपर्यंत उपाशीपोटी तिथे बसणे वडिलांचे, आणि पोलीस आल्यावर विहिरीत उतरून प्रेत वर काढणेही वडिलांचेच. मुलगा काठावर उभा राहून हे पाहतो आहे.

आपल्या समीक्षेने हा प्रसंग करुणरसाचा म्हणून वाखाणला. करुणा त्यात आहेच. परंतु मी तो वाचतो तो पोलीस खात्याच्या आराखड्यासारखा. विहिरीच्या काठावर सगळी उतरंड जमलेली आहे. पोलीस हुकूम करतो, पाण्यात उतरत नाही. गावचे कारभारी पाहतात, उतरत नाहीत. उतरतो तो तराळ, ज्याचे नाव खात्याच्या हजेरीपटावर नाही. आटपाडी हे गाव त्या वेळी औंध संस्थानात होते, इंग्रजी अंमलात नव्हते. तरीही रीत तीच. संस्थान कोणाचे, राज्य कोणाचे, याने विहिरीच्या तळाला फरक पडत नव्हता.

फौजदारी प्रक्रियेचा कायदा या बाबतीत काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. संशयास्पद मृत्यूची खबर आली की पोलीस अधिकाऱ्याने जागेवर जावे आणि शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करावा. म्हणजे पंच कोण असावा हे कायद्याने लिहिले, आणि तो 'प्रतिष्ठित' असावा हेही लिहिले. प्रेत बाहेर कोणी काढावे हे मात्र लिहिले नाही. ते लिहायची गरजच नव्हती, गावाने ते आधीच ठरवलेले होते. कायद्याच्या दोन ओळींमधली जी रिकामी जागा होती तिथे खरातांचे वडील उभे होते. खरातांचे लेखन ती जागा भरून काढते. पंचनाम्यावर ज्याची सही नाही आणि अंगठाही नाही, त्याची साक्ष म्हणजे हे आत्मकथन. दलित साहित्य दस्तऐवजी आहे, त्यात कलात्मकता कमी आहे, असा आक्षेप घेणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की, ज्याला दस्तऐवजात जागाच नाकारली होती त्याने दस्तऐवज लिहिला, तर त्यापेक्षा मोठी कलाकृती कोणती असते?

या तराळाचा मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. ते अंतर थोर आहे. परंतु ते अंतर एका माणसाने तोडले. उतरंड जागेवरच राहिली.

४

मराठवाड्याच्या वाचकाने या उतरंडीकडे आणखी एका बाजूने पाहावे असे मला वाटते. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. पहिल्या सालारजंगांच्या काळात, १८६० च्या दशकात, इथे पोलिसांची व्यवस्था नव्याने बसवली गेली. तिचे शब्द आमच्या आजे-पणज्यांच्या तोंडी होते. जिल्ह्याचा मोहतमीम, ठाण्याचा अमीन, त्याच्या हाताखाली जमादार आणि जवान. हवालदाराला जमादार म्हणणारी म्हातारी माणसे आमच्याकडे अजून भेटतात. गावात दोन पाटील असत. महसुलाचा माली पाटील आणि दुसरा पोलीस पाटील.

या शब्दांत 'कोतवाल' हा शब्द फार बोलका आहे. हैदराबाद शहराचा कोतवाल म्हणजे शहर पोलिसांचा मुख्य, निजामाच्या दरबारात मानाने बसणारा मोठा अधिकारी. आणि आमच्या गावचा कोतवाल म्हणजे दवंडी देणारा, तलाठ्याची दप्तरे वाहणारा, साहेबाच्या जीपमागे धावणारा माणूस. एकच शब्द, उतरंडीच्या शेंड्यावर आणि तळाशी. पदाचे नाव मोठे दिले म्हणून माणूस मोठा होत नाही, हे आम्हाला कोणत्याही समाजशास्त्रज्ञाने शिकवावे लागले नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय लष्कर हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. रणगाडे आणि विमाने वापरून झालेल्या या मोहिमेला सरकारने 'पोलीस ॲक्शन' म्हटले, कारण परक्या देशावरची स्वारी असे तिला म्हणायचे नव्हते. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांची कालगणना अजून 'पोलीस ॲक्शनच्या साली' अशी चालते. पण त्या सालानंतर गावकीचे काय झाले? मोहतमीम गेला, अधीक्षक आला. अमीन गेला, फौजदार आला. येसकराची काठी येसकराच्याच हातात राहिली. वतने जायला आणखी बरीच वर्षे लागली. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा. पोलीस पाटलाचे पद वंशपरंपरेतून काढून नेमणुकीचे करणारा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम तर १९६७ चा, म्हणजे इंग्रजांच्या त्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. राज्य बदलते ते वरून खाली. खालच्या पायरीपर्यंत पोचेतो एक पिढी विहिरीत उतरून गेलेली असते.

५

उतरंडीच्या तळाशी तराळ होता. परंतु तळाच्याही बाहेर काही माणसे होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. अण्णाभाऊ साठ्यांच्या 'फकिरा' मध्ये (१९५९) मांगांच्या मागे लागलेला हजेरीचा जाच आहे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने या बाहेरच्या माणसांची आहेत. तो कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ पासून या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण 'उचल्या' वाचल्यावर कळते की ठाण्यातले दप्तर कायद्याबरोबर बदलत नाही.

'उचल्या' मधले पोलीस हे प्रतीक नाहीत, ही गोष्ट इथे विशेष ध्यानात घ्यावी. गायकवाड व्यवहार दाखवतात. झडती येते, मारहाण होते, पैसे मोजले जातात आणि चोरी करणाऱ्याच्या कमाईत पोलिसाचा वाटा ठरलेला असतो. म्हणजे उतरंडीवरून हुकूम खाली येतात आणि पैसा वर जातो. लोकप्रशासनाच्या पुस्तकात पहिली वाट काढून दाखवलेली असते, दुसरी नसते. दुसरी वाट दलित-विमुक्तांच्या साहित्यात आहे. ज्याला खात्याचा अभ्यास करायचा आहे त्याने दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

६

दर्जाचा प्रश्न कायद्यासमोर आला तेव्हा काय झाले, याची तीन उदाहरणे देतो.

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्याच्या आवारात मथुरा या नावाने ओळखल्या गेलेल्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी एक हवालदार आणि एक शिपाई, म्हणजे खात्यातले तळाचे दोघे. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, ही गोष्ट न्यायालयाला महत्त्वाची वाटली. ठाणे, रात्र आणि खाकी या तिन्हींपुढे आदिवासी पोर प्रतिकार करते कशाने, हे त्याला दिसले नाही. खात्यातला सर्वांत लहान माणूस तिच्यापुढे केवढा मोठा होता! चार विधिज्ञ प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला.

दुसरे उदाहरण घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगराचे. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस बलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा माणसे मारली गेली. त्या दु:खात लोकशाहीर विलास घोगरे यांनी काही दिवसांत स्वतःचे आयुष्य संपवले. तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने २००९ साली दोषी ठरवून जन्मठेप दिली. बारा वर्षे लागली, आणि शिक्षा पोचली ती दोन ताऱ्यांपर्यंत. पदके आणि शाबासकी उतरंडीच्या शेंड्याला मिळतात, जबाबदारी मात्र घरंगळत खाली येते. आमच्या शेजारच्या परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन झाले, धरपकड झाली आणि एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. गुन्हा नोंदवा, एवढे सांगायला २०२५ साली उच्च न्यायालय लागले. ते पाहता हा प्रश्न जुना झालेला नाही.

तिसरे उदाहरण आपल्या रोजच्या उपयोगाचे आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याच्या १९९५ च्या नियमांतला सातवा नियम सांगतो की, या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करू नये. हा नियम करणाऱ्याला उतरंड कळली होती. खालचा अधिकारी गावात राहतो, त्याला गावचा दबाव असतो, म्हणून तपास दोन पायऱ्या वर नेला. पण तपास वर गेला तरी नोंद खालीच होते. ठाण्याच्या दाराशी टेबल मांडून बसलेला ठाणे अंमलदार हा या कायद्याचा खरा द्वारपाल आहे. त्याने 'साधा अर्ज द्या' म्हटले किंवा अदखलपात्र म्हणून चिठ्ठी फाडून दिली की उपअधीक्षकापर्यंत कागद जातच नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना असाच अनुभव आला. मी बरोबर गेलो होतो. 'साहेब बंदोबस्तावर आहेत, उद्या या,' असे उत्तर मिळाले. कायदा असे म्हणत नाही. ठाण्याचा प्रमुख हजर नसेल तर हजर असलेला त्याच्या खालोखालचा, शिपायाच्या वरच्या दर्जाचा अधिकारी हाच त्या वेळेपुरता प्रमुख असतो. मी हे शांतपणे बोललो आणि तोंडी तक्रार लिहून घेण्याचा, ती वाचून दाखवण्याचा व तिची प्रत फुकट देण्याचा नियम सांगितला. शिवाय, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकसेवकाने या कामात जाणूनबुजून हयगय केली तर चौथ्या कलमाखाली त्यालाच शिक्षा आहे, हेही सांगितले. तेव्हा टेबलावरची वही उघडली. त्या वडिलांनी बाहेर आल्यावर मला विचारले, "सर, हे पुस्तक आपल्या पोरांना का शिकवत नाहीत?" मला त्यांचा प्रश्न समीक्षेच्या कोणत्याही चर्चासत्रापेक्षा मोलाचा वाटतो.

१९६६ साली अमेरिकेत ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. त्याचे तरुण रस्त्यावर पोलिसांच्या मागे फिरत आणि त्यांच्या हातात कायद्याचे पुस्तक असे. १९७२ साली मुंबईत आपल्या मुलांनी ते नाव घेतले. नावातला आवेश आपण उचलला, कायद्याचे पुस्तक मात्र आपल्याकडे थोड्यांच्याच हाती राहिले.

७

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. काही कार्यकर्ते म्हणतील, पोलीस म्हणजे सत्तेचे हत्यार. त्यात शिपाई काय आणि महासंचालक काय, सगळे एकच. मला हे पटत नाही. शिपाईही दबलेला आहे. साहेबाच्या घरची कामे, बाराबारा तासांचा बंदोबस्त, गळक्या चाळींतली घरे, या विरुद्ध ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत शिपाईच रस्त्यावर आले होते. सरकारने लष्कर बोलावले आणि त्यांची संघटना मोडली. ज्याला स्वतःची संघटना करता येत नाही त्याला दुसऱ्यांचे मोर्चे काठीने पांगवायला पाठवले जाते. ही विसंगती ज्या समीक्षेला दिसत नाही ती अर्धीच समीक्षा आहे.

दुसरे मित्र म्हणतील, आपली मुले खात्यात गेली की खाते बदलेल. तेही तितकेसे खरे नाही. आरक्षणामुळे आपली मुले गेली, आणखी जावीत, हा त्यांचा हक्क आहे आणि बाबासाहेबांनी तो मागून घेतला आहे. पण उतरंड माणसाला आपल्यासारखे करून घेते. खालच्या मजल्यावर शिरलेला आपला मुलगा वरचा अपमान गिळतो आणि मग त्याच्यापुढे पारध्याचे पोर आणून उभे करतात. त्या क्षणी तो कोण असतो? तराळाचा नातू की जमादार? या प्रश्नाचे उत्तर गणवेश देत नाही. ते त्याने काय वाचले आहे आणि कोणाचे ऐकले आहे, यावर ठरते.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. शिक्षकांनी आत्मकथने शिकवताना पोलिसाच्या प्रसंगाशी थांबावे आणि मुलांना विचारावे की, इथे कोण हजर आहे, कोणाचा दर्जा काय, हुकूम कोणाचा, काम कोणाचे, नोंद कोणाच्या नावावर. भरतीच्या तयारीला लागलेल्या मुलांना हे प्रश्न फार लवकर उमजतात, असा माझा अनुभव आहे. आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या म्हाताऱ्या माणसांकडून येसकरकीच्या, तराळकीच्या, रात्रीच्या गस्तीच्या, प्रेतावरच्या पहाऱ्याच्या हकीगती लिहून घ्याव्यात. कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, हिंगोली या तालुक्यांत वतनाच्या काळातले फार थोडे लोक आता उरले आहेत. ते गेले की राहील ते सरकारी दप्तर, आणि त्या दप्तरात त्यांचे नाव नाही.

आपल्या साहित्याने आजवर विहिरीच्या काठावरून तळाकडे पाहणाऱ्या मुलाची गोष्ट सांगितली. आता हुकूम देणाऱ्यांच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्याच मुलाचीही गोष्ट आपल्याला हवी आहे. बराकीतली, बंदोबस्तावरची, ठाण्याच्या टेबलामागची. तो ती प्रामाणिकपणे लिहील तर दलित आत्मकथनाचा पुढचा टप्पा तिथून सुरू होईल.